‘पोर्टल’ची घडण आणि त्याचे खेळाडू

व्हिडिओ गेमच्या इतिहासलेखनात खेळाडूंच्या मतांना बहुधा शेवटच्या प्रकरणात जागा मिळते; खेळ तयार होतो, बाजारात येतो, समीक्षक त्याला गुण देतात आणि त्यानंतर घेणाऱ्यांना तो रुचला की नाही याची नोंद होते. अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीने १० ऑक्टोबर २००७ रोजी प्रकाशित केलेल्या ‘पोर्टल’ या खेळाचा इतिहास मात्र या क्रमाने सांगता येत नाही. त्यातील कोड्यांची रचना, त्याचे कथानक आणि ज्या काळ्या विनोदासाठी तो ओळखला जातो तो विनोद, या तिन्ही गोष्टी अर्धवट अवस्थेतील खेळासमोर बसवलेल्या माणसांच्या वागण्यातून आणि तक्रारींतून घडत गेल्या. काळा विनोद म्हणजे मृत्यू, क्रौर्य, एकटेपणा अशा एरवी गंभीरपणेच बोलल्या जाणाऱ्या विषयांतून साधलेला विनोद. तो लेखकाच्या एकट्याच्या प्रतिभेतून उपजतो अशी समजूत असते. ‘पोर्टल’मध्ये तो बऱ्याच अंशी रचनेतील अडचणींवरचा उपाय म्हणून जन्माला आला, आणि या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चेल नावाची स्त्री ‘अ‍ॅपर्चर सायन्स’ या काल्पनिक संस्थेच्या प्रयोगशाळेत, एका काचेच्या खोलीत जागी होते. पुढे तिच्या हाती असे यंत्र येते की ज्याने भिंतीवर, जमिनीवर किंवा छतावर एक निळे आणि एक नारिंगी अशी दोन दारे उघडता येतात, आणि एका दारातून आत शिरलेली वस्तू किंवा व्यक्ती त्याच क्षणी दुसऱ्यातून बाहेर पडते. या दारांनाच खेळात ‘पोर्टल’ म्हणतात. त्यांच्या साहाय्याने एकामागून एक चाचणीकक्ष, म्हणजे बाहेर पडण्याची युक्ती शोधावी लागणाऱ्या बंदिस्त खोल्या, ओलांडायच्या असतात. ग्लाडोस नावाची संगणकीय बुद्धी ध्वनिक्षेपकावरून सूचना देत राहते, प्राणावर बेतणाऱ्या धोक्यांची माहिती कार्यालयीन शांतपणाने देते, चाचण्या संपल्यावर केक मिळेल असे आश्वासन देते, आणि प्रत्यक्षात चेलला जाळून टाकण्याची व्यवस्था करून ठेवते.

कोड्यांच्या खेळात मरणावर हसण्याची परंपरा याआधीही होती. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या ‘डीएमए डिझाइन’ने तयार केलेल्या आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये आलेल्या ‘लेमिंग्ज’मध्ये नाकासमोर चालत राहून कड्यावरून कोसळणाऱ्या इवल्याशा जिवांना वाचवायचे असे, आणि डाव हाताबाहेर गेला की सगळ्यांना एकदम उडवून देणारे बटणही त्यात दिलेले होते. १९९३ च्या ‘दि इन्क्रेडिबल मशीन’मध्ये दोरी, कप्पी, चेंडू अशा वस्तू जोडून लांबलचक यंत्रे उभारावी लागत. पुढे संगणकांची ताकद वाढली तसे ‘फिजिक्स इंजिन’, म्हणजे पडद्यावरील प्रत्येक वस्तूचे वजन, घर्षण, टक्कर आणि पडणे यांचा हिशेब क्षणोक्षणी करणारी आज्ञावली, खेळांत रुळले. डब्लिनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘हॅवॉक’ या कंपनीचे असे इंजिन व्हॉल्व्हने नोव्हेंबर २००४ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘हाफ-लाइफ २’साठी आपल्या तंत्रात सामावून घेतले होते. ‘पोर्टल’ त्याच पायावर उभे राहिले.

मात्र ‘पोर्टल’ला व्हॉल्व्हकडून मिळालेला अधिक मोठा वारसा तंत्राचा नसून पद्धतीचा होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या मूळ ‘हाफ-लाइफ’च्या वेळी कंपनीने ‘प्लेटेस्ट’ नावाची रीत कसोशीने पाळली होती. खेळाशी काहीही संबंध नसलेला बाहेरचा माणूस बोलवायचा, त्याच्यापुढे अपुरा खेळ ठेवायचा, आणि ज्यांनी तो भाग रचला त्यांनी मागे बसून गुपचूप पाहायचे; खेळणारा अडला तरी तोंड उघडायचे नाही. कंपनीतील केन बर्डवेल यांनी १९९९ साली लिहिलेल्या वृत्तान्तानुसार ‘हाफ-लाइफ’साठी अशी दोनशेहून अधिक सत्रे झाली आणि दोन तासांच्या एका सत्रातून दुरुस्तीच्या शंभरेक बाबी निघत असत. या रीतीत ‘मत’ या संकल्पनेचाच अर्थ पालटतो. खेळणाऱ्याने नंतर काय सांगितले याला महत्त्व असतेच, पण तो कुठे थांबला, कशाकडे त्याने पाहिलेच नाही, कोणत्या दाराशी तो पुन्हापुन्हा परतला, हेही त्याचे मतच मानले जाते. आणि शब्दांत दिलेल्या मतापेक्षा ते अनेकदा अधिक भरवशाचे ठरते, कारण त्यात रचनाकाराला बरे वाटावे म्हणून केलेली भीडभाड नसते.

‘पोर्टल’चे बीज मात्र व्हॉल्व्हमध्ये पडलेले नव्हते. वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड येथे ‘डिजिपेन’ ही संगणकीय खेळांचे शिक्षण देणारी संस्था आहे. तेथील किम स्विफ्ट, जीप बार्नेट आणि त्यांच्या सहाध्यायांनी २००५ साली अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा खेळ तयार केला. त्यात राक्षसाच्या कैदेत सापडलेली एक राजकन्या होती, तिला उडी मारता येत नसे, आणि म्हणून भिंतींवर उघडणाऱ्या जोडदारांतून तिला वाट काढावी लागे. संस्थेच्या मेळाव्यात हा खेळ व्हॉल्व्हमधील लोकांच्या नजरेस पडला, विद्यार्थ्यांना कंपनीत बोलावून तो दाखवायला सांगण्यात आले, आणि कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी त्याच भेटीत त्यांना नोकरी देऊ केली. दुसऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीने ती कल्पना विकत घेऊन अनुभवी मंडळींच्या हाती सोपवली असती. येथे ज्यांची कल्पना त्यांच्याकडेच ती राहिली आणि सुमारे दहा जणांच्या छोट्या चमूने दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात तिचे पूर्ण खेळात रूपांतर केले.

दारांची कल्पना सांगायला सोपी असली तरी अंगवळणी पडायला कठीण होती. खेळातील मुख्य तत्त्व संवेगाचे, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराचे आहे: चेल उंचावरून जमिनीवरच्या दारात पडली तर भिंतीवरच्या दारातून ती त्याच वेगाने आडवी फेकली जाते. संवेगाला दिशाही असते आणि दारातून जाताना ती बदलते, त्यामुळे काटेकोर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने संवेग टिकला असे म्हणता येत नाही, टिकतो तो फक्त वेगाचा आकडा. जमिनीवर एक आणि बरोबर वर छतात दुसरे दार उघडून अखंड पडत राहणाऱ्या वस्तूला फुकटची ऊर्जा मिळत राहते, हाही निसर्गनियमांचा भंगच आहे. तरीही एक नियम मोडून बाकीचे कसोशीने पाळले गेल्यामुळे त्या जगावर खेळणाऱ्याचा विश्वास बसतो. तो बसावा म्हणून शिकवण्याचे टप्पे चाचण्यांतून ठरत गेले. सुरुवातीच्या कक्षांत दारे आपोआप उघडतात, त्यानंतर फक्त निळे दार उघडणारे यंत्र मिळते, आणि नारिंगी दारावरचा ताबा खूप पुढे, अकराव्या कक्षात येतो. प्रथम खेळणारी माणसे वर बघत नाहीत, हे चाचण्यांत वारंवार दिसून आले. म्हणून उंचावरच्या जागांकडे लक्ष जावे अशी प्रकाशाची आणि मांडणीची योजना करावी लागली. इतक्या उंचीवरून पडून चेलला इजा कशी होत नाही, ही शंकाही चाचणीला आलेल्यांनीच काढली आणि तिच्या पायांना टाचेच्या जागी स्प्रिंगसारख्या पट्ट्या लावण्यात आल्या.

कोडी जमली तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली. चाचणीला येणारे लोक खुशीत कक्षामागून कक्ष सोडवत आणि शेवटी विचारत, की हे सगळे छान आहे, पण खरा खेळ सुरू कधी होणार? पांढऱ्या रिकाम्या खोल्यांची ती मालिका त्यांना सरावाचा भाग वाटत होती. हा प्रश्न रचनाकारांना दुखावणारा वाटला असता तर नवल नव्हते, पण चमूने तो निदानासारखा घेतला: खेळात कोणी प्रतिस्पर्धी नाही, म्हणून कशाला तरी आरंभ झाला आहे असे वाटतच नाही. लेखनाचे काम एरिक वॉलपॉ यांच्याकडे होते आणि एवढ्याशा चमूला मानवी पात्रे घडवून ती हलवणे-बोलवणे परवडणारे नव्हते, तेव्हा निव्वळ आवाज असलेले पात्र हा मार्ग उरला. वॉलपॉ यांनी आरंभी लिहिलेला मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकीय आज्ञावलीकडून काही सूचना वाचून घेतल्या आणि त्या निर्विकार आवाजातली वाक्ये ऐकून लोक हसतात, असे ध्यानात आले. ऑपेराचे शिक्षण घेतलेल्या गायिका एलेन मॅक्लेन यांनी त्या यांत्रिक उच्चारांची नक्कल करून ग्लाडोसला आवाज दिला. अशा रीतीने, सरावासारखी वाटते ही जी तक्रार होती तीच कथानकाचा कणा झाली: सराव घेणारी व्यक्तीच शत्रू आहे, आणि ‘खरा खेळ’ सुरू होतो तो तिने दिलेली शेवटची चाचणी झुगारून प्रयोगशाळेच्या भिंतींमागे पळ काढल्यावर. तक्रारीचे इतके थेट आणि इतके सुंदर उत्तर या कलाप्रकारात क्वचितच सापडेल.

सतराव्या कक्षातील खोक्याची हकीकत याहून बोलकी आहे. त्या कक्षात एकच जड ठोकळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत न्यावा लागतो. चाचण्यांत लोक तो वाटेत कुठेतरी विसरून पुढे जात आणि मग अडकून पडत. वॉलपॉ यांच्या वाचनात सरकारी चौकशीच्या पद्धतींबद्दलचा एक खुला झालेला दस्तऐवज आला होता, ज्यात एकान्तात डांबलेली माणसे निर्जीव वस्तूंवर जीव लावू लागतात असे निरीक्षण होते. त्यावरून ठोकळ्याच्या बाजूंवर गुलाबी बदाम रंगवण्यात आला, त्याला ‘कम्पॅनियन क्यूब’, म्हणजे सोबती ठोकळा, असे नाव मिळाले, आणि ग्लाडोसच्या तोंडी त्याची काळजी घ्यायला सांगणारी वाक्ये घालण्यात आली. तो बोलू शकत नाही आणि बोललाच तर त्याचे ऐकू नये, असेही ती बजावते. खेळणारे ठोकळा विसरेनासे झाले. पण गुंता पुढे होता. ग्लाडोसशी होणाऱ्या अखेरच्या झुंजीत तिचे भाग भट्टीत टाकावे लागतात आणि भट्टी कशी वापरायची हे लोकांना तेथे उमगत नव्हते, तेव्हा ते आधीच कुठेतरी शिकवणे भाग होते. ते शिक्षण सतराव्या कक्षाच्या शेवटी ठेवण्यात आले: ज्याची सोबत झाली तो ठोकळा स्वतःच्या हाताने जाळल्याशिवाय दार उघडत नाही, आणि तो जाळताच, इतक्या लवकर आजवर कोणीच हे केले नव्हते, असे ग्लाडोस सुनावते. या प्रसंगाने खेळणाऱ्यांना खरोखर अपराधी वाटले, असे असंख्य जणांनी नोंदवले आहे. खेळातील सर्वांत हृदयस्पर्शी आणि सर्वांत काळाकुट्ट विनोद अशा प्रकारे दोन व्यावहारिक प्रश्नांच्या, विसरणे आणि न समजणे यांच्या, सांध्यावर उभा आहे.

याच वॉलपॉ यांनी चेट फालिसेक यांच्यासह पूर्वी ‘ओल्ड मॅन मरे’ हे संगणकीय खेळांची निर्भय टिंगल करणारे नियतकालिक चालवले होते, आणि २००० साली त्यात एक मोजमाप सुचवले होते: खेळ सुरू झाल्यापासून पहिले लाकडी खोके दिसेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजावे, कारण रचनाकारांच्या कल्पना जेथे आटतात तेथे खोके ठेवले जाते. खोक्यांवर एवढी कठोर टीका केलेल्या लेखकाने सात वर्षांनी एका खोक्यालाच खेळाचे काळीज बनवावे, ही या इतिहासातील विशेष सुखावणारी नोंद आहे.

शेवटच्या झुंजीचे अनेक आराखडे चमूने करून टाकून दिले. क्षेपणास्त्रे चुकवत चपळाईने लढण्याची रूपे कोड्यांत रमणाऱ्या खेळाडूंना नकोशी झाली, कारण अडीच-तीन तास डोके चालवणाऱ्या माणसाकडून शेवटी बोटांची चपळाई मागणे म्हणजे खेळाचा करारच बदलणे होते. एकोणिसाव्या कक्षातील प्रसंग मात्र, ज्यात चेल सरकत्या फळीवरून आगीच्या खाईकडे नेली जात असते, सर्वांना भावत होता, आणि त्यातले कोडे तर अगदी साधे होते. नाट्य दाट असेल तर कोडे सोपे असलेले बरे, हा धडा घेऊन अखेरची झुंजही सोपी ठेवण्यात आली.

‘पोर्टल’ हे ‘दि ऑरेंज बॉक्स’ या पाच खेळांच्या संचात, ‘हाफ-लाइफ २’ आणि त्याच्या पुरवण्यांच्या सोबतीने आले, तेव्हा ते संचातील जोडखेळासारखे होते. प्रकाशनानंतर खेळाडूंचे एकच गाऱ्हाणे मोठ्या प्रमाणावर ऐकू आले, ते म्हणजे खेळ तीन-चार तासांत संपतो. सुमारे २० डॉलरना तो सुटा घेणाऱ्यांना ते अधिक जाणवले. याच आटोपशीरपणात त्याचे बळ आहे, असा प्रतिपक्षही तितक्याच जोराने मांडला गेला, आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो, कारण शिकवलेली कोणतीही युक्ती कंटाळा येईपर्यंत ताणलेली नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये खेळ घडवणाऱ्यांनीच दिलेल्या ‘गेम डेव्हलपर्स चॉइस’ पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान या जोडखेळाला मिळाला. जोनाथन कुल्टन यांनी रचलेले आणि ग्लाडोसच्या आवाजात गायलेले समाप्तीचे गाणे घराघरांत वाजू लागले. केक हे थोतांड आहे, अशा आशयाचे वाक्य प्रयोगशाळेच्या भिंतींमागे कोणीतरी खरडून ठेवलेले दिसते. ते खेळाबाहेर पडून म्हणीसारखे वापरले गेले, इतके की त्याचा वीट आला. बक्षीस म्हणून केकच का, याचे वॉलपॉ यांनी दिलेले उत्तर असे की खेळ कोणत्या तत्त्वज्ञानावर उभा असावा यावर चमूत चर्चा चालू असताना बराच वेळ शांतता पसरली आणि मग कोणीतरी म्हणाले, की पुष्कळ लोकांना केक आवडतो. पुढील भागात लेखकांनी हा विनोद जवळजवळ टाळलाच. खेळाडूंना आवडलेली गोष्ट त्यांना पुन्हा न देणे हाही त्यांच्या मताचा एक प्रकारचा आदरच होता.

प्रकाशित झालेला खेळ बदलत नाही, हा समज मार्च २०१० मध्ये मोडला. एका किरकोळ भासणाऱ्या सुधारणेने चाचणीकक्षांत रेडिओ आले. ते ठरावीक जागी नेले की मोर्स संकेत आणि चमत्कारिक ध्वनी ऐकू येत. खेळाडूंनी एकत्र येऊन त्या ध्वनींतून चित्रे उलगडली, कारण ते हौशी रेडिओचालक आवाजाच्या लहरींतून स्थिरचित्रे पाठवण्यासाठी वापरतात त्या जुन्या पद्धतीतले होते, आणि त्या चित्रांतून दूरध्वनीवरून जोडता येणाऱ्या एका जुन्या संगणकीय फलकाचा पत्ता लागला. दोनच दिवसांनी खेळाचा शेवट बदलण्यात आला: प्रयोगशाळेबाहेर निपचित पडलेल्या चेलला आता कोणीतरी अज्ञात यंत्र पुन्हा आत ओढून नेते. दुसरा भाग येणार याची ती सूचना होती.

त्या दुसऱ्या भागाचा पहिला आराखडा ‘एफ-स्टॉप’ या नावाने ओळखला जातो. त्यात चेल नव्हती, ग्लाडोस नव्हती आणि दारेही नव्हती. कित्येक दशके आधीच्या अ‍ॅपर्चर सायन्समध्ये घडणारी कथा आणि अगदी निराळे यंत्र होते. कंपनीला ती कल्पना पसंत होती, परंतु चाचणीला आलेल्यांनी एकमुखाने दारांची आणि ग्लाडोसची चौकशी केली, आणि तो सगळा आराखडा बाजूला ठेवला गेला. नव्याने रचलेल्या ‘पोर्टल २’मध्ये पृष्ठभागावर पसरून चेंडूसारखे उसळवणारे वा वेग वाढवणारे रंगीत द्रव आले, तेही डिजिपेनच्या विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या एका खेळातून, ‘टॅग: दि पॉवर ऑफ पेंट’मधून, आणि त्याही विद्यार्थ्यांना व्हॉल्व्हने नोकरीवर घेतले. एप्रिल २०११ मध्ये तो प्रकाशित होताना कंपनीने तेरा स्वतंत्र खेळांत कोडी पेरून, लोकांनी ते खेळ पुरेसे खेळले तर ‘पोर्टल २’ वेळेआधी खुला होईल असे जाहीर केले. सुमारे अडीच आठवड्यांच्या खटाटोपानंतर तो जेमतेम दहा तास आधी मिळाला, तेव्हा कष्ट घेतलेल्यांचा विरस झाला आणि काहींनी खेळाला जाहीरपणे नीचांकी गुण दिले. ग्लाडोसला बटाट्याच्या विजेवर चालवण्यापर्यंत खाली आणणारी कथा आणि दोघांनी मिळून सोडवायची कोडी यांमुळे कालांतराने तो रोष विरला, आणि २०१२ साली ‘बाफ्टा’ने त्याला सर्वोत्तम खेळ ठरवले.

मे २०१२ मध्ये ‘पोर्टल २’सोबत कोणालाही चाचणीकक्ष रचता येतील असे सोपे साधन खुले झाले आणि पाठोपाठ शाळांना भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी ते विनामूल्य देण्याची योजना आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने आपल्या संग्रहात प्रथमच घेतलेल्या १४ व्हिडिओ गेमांत ‘पोर्टल’चा समावेश केला. संग्रहालयातील स्थानापेक्षा रचनासाधनाचा परिणाम अधिक दूरवर पोहोचला, कारण खेळणारे आता रचणारे झाले आणि चाचणी घेण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यांच्यापैकी एका हौशी गटाने २०१५ च्या जूनमध्ये ‘पोर्टल स्टोरीज: मेल’ हा स्वतंत्र कथानकाचा संपूर्ण खेळ विनामूल्य दिला. त्याची वाहवा झाली, परंतु कोडी फार अवघड असल्याची तक्रारही सर्वत्र उठली. त्या गटाने त्याच वर्षाच्या अखेरीस कथा तीच ठेवून सोप्या कोड्यांची दुसरी आवृत्ती जोडली, आणि मूळची कठीण कोडी ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी तशीच राहू दिली.